गरम झाली की बंद पडणारी मॉरिस मायनर: बॉनेट उघडण्याआधी काय बघायचं

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते कळेल. तुम्ही मूळचे नाशिकचे, आता रेडिंगला राहता. एप्रिलमध्ये १९६५ची मॉरिस मायनर १०००, चार दारांची, विकत घेतलीत. त्याआधी ती तीन वर्षं एका शेतावरच्या शेडमध्ये उभी होती. सकाळी एका दमात सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं गुणी मुलीसारखी चालते आणि मग बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू होते. तिघांनी तीन सल्ले दिलेत: इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनेमो काढून त्याच कामाचा नवा अल्टरनेटर लावा, पुढे डिस्क ब्रेक घाला. घराला गॅरेज नाही, समोर गाडी उभी करायला काँक्रीटची जागा आहे. हातात पाना कधी धरलेला नाही. हे घरी जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. पण सुरुवात तुम्ही म्हणता तिथून नाही. बंद पडलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, मागचे चार लोक हॉर्न वाजवतात, विषय संपला. मला काळजी आहे ती ती चालू असतानाच्या पंधरा-वीस मिनिटांची. तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक कोणी उघडून पाहिलेत का, पुढच्या चाकांना ग्रीस कधी मारलं होतं, याबद्दल तुमच्या प्रश्नात एक शब्द नाही. म्हणून आधी चाकं, मग ब्रेक, मग खालचा पत्रा, आणि त्यानंतर इंजिन. या क्रमाने गेलात तर इंजिनाचं काम सगळ्यात सोपं निघेल.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे सल्ला किती धरायचा ते ठरवता येईल. वडिलांचं कोल्हापुरात गॅरेज होतं आणि तिथे बहुतेक अँबॅसिडरच यायच्या. कॉव्हेंट्रीजवळ राहायला आले तेव्हा शेजाऱ्याच्या मायनरखाली पहिल्यांदा डोकं घातलं आणि हसूच आलं. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, ही तिची धाकटी बहीण. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा नाहीत, गाडीच्या लांबीत गेलेले टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, आहेत, हे दोघींत सारखंच. आता माझी स्वतःची मायनर आहे, आणि बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गात लोकांना घरगुती दुरुस्ती शिकवली आहे. चकचकीत रंगकामातलं मला फारसं कळत नाही. ते विचारू नका.

काही गोष्टी इथे बसून सांगता येत नाहीत. गंज किती खोल गेलाय ते हात लावल्याशिवाय कळत नाही. साठ वर्षांत कोणी काय बदललंय तेही नाही. म्हणून आजच एक काम करा. बॅटरीची कुठली तार बॉडीला जोडली आहे ते बघा. मायनर कारखान्यातून निघाली ती पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे अधिक टोक बॉडीला. पुढे अनेक मालकांनी ते उलट करून घेतलंय. तुमच्या गाडीत काय आहे हे माहीत नसताना शेजाऱ्याच्या नव्या गाडीवरून करंट घेऊ नका, रेडिओ किंवा कुठलंही इलेक्ट्रॉनिक खोकं जोडू नका. अधिकला अधिक आणि उण्याला उणे एवढंच जोडायचं, आणि दोन गाड्यांची बॉडी एकमेकींना टेकू द्यायची नाही.

आता चाकं. मायनरच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा वर-खाली ट्रनिअनमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या सांध्यात, आट्यांनी बसवलेला असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा तो दांडा त्या आट्यांतच थोडा फिरतो. आटे आणि आटे यांच्यामध्ये फक्त ग्रीस असतं. ते सुकलं की लोखंडावर लोखंड घासतं, पाणी शिरतं, आटे झिजतात, आणि एक दिवस दांडा खालच्या ट्रनिअनमधून निसटून बाहेर येतो. चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडतं. पुष्कळदा हे गाडी हळू असताना, पार्किंगला वळवताना होतं, कारण वळवताना तिथे सगळ्यात जास्त जोर पडतो. म्हणून लोक हा किस्सा हसत सांगतात. पन्नास मैलांच्या वेगात ज्यांचं झालं असेल ते हसत नसावेत.

तपासायला अर्धा तास लागतो. सपाट जागा, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, पुढची बाजू जॅकवर उचलायची आणि लगेच खाली घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावायच्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. घोडी ठाम लोखंडाखाली बसली पाहिजे. पत्रा दबला किंवा कुरकुर आवाज आला तर ती जागा गंजलेली आहे, थांबा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर ट्रनिअनचा. आता लांब पहार चाकाखाली घालून हलकेच उचला आणि खालच्या ट्रनिअनकडे नजर ठेवा. तिथे दांडा उघड हलताना दिसला तर गाडी त्या दिवसापासून घरी. नवे भाग मिळतात, पण डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे असतात, मागवताना बाजू सांगा.

खेळ नसेल तर ग्रीस गन घ्या. चाक लटकत असतानाच ग्रीस मारायचं. चाक जमिनीवर असताना भार आट्यांच्या एकाच बाजूवर असतो आणि ग्रीस तिथवर पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहा. निपल, म्हणजे ग्रीस आत घालायचं टोक, जाम असेल तर ते बदला, चार आण्याची वस्तू आहे. मी दर हजार मैलांना मारते, आणि गाडी फार फिरली नाही तरी हिवाळ्याच्या आधी एकदा मारतेच. आणखी एक: ट्रायम्फ हेराल्ड किंवा स्पिटफायरवाला मित्र तुम्हाला सांगेल की ट्रनिअनला ग्रीस नाही, ईपी ९० तेल घालायचं. तो त्याच्या गाडीपुरता बरोबर आहे. मायनरला ग्रीसच.

ब्रेककडे वळू. या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो तो फक्त हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि तीन वर्षं उभ्या गाडीत ती ओल आतून गंज चढवते. इंजिन बंद ठेवून पेडल एक मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणाऱ्या भागाचे, रबर गेलेत. मास्टर सिलिंडर कुठे आहे हे अनेक मालकांना ठाऊकच नसतं, कारण तो बॉनेटखाली नाही. चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोटात आहे. कार्पेट उचललं की त्याचं झाकण सापडतं. गाडी बनवणाऱ्यांनी तो असा बसवलाय की बोल्ट काढायला गेलं की टॉर्शन बार आडवा येतो. पहिल्याच वर्षी या कामाला हात घालू नका. हे एक काम जाणकाराकडून करून घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

बाकीचं तुम्ही करू शकता. ड्रम एकेक काढा, दोन्ही बाजू एकदम नको, म्हणजे स्प्रिंग कशी होती ते विसरलं तर दुसरीकडे बघता येतं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. व्हील सिलिंडरचं रबर किंचित उचलून बघा. ओलं असेल तर सिलिंडर बदला, नुसतं रबर बदलून भागवू नका. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी जुने असतील तर बदला. ते आतून सुजून बंद होतात, आणि मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. पुढच्या प्रत्येक ड्रमला दोन अ‍ॅडजस्टर आहेत, मागच्याला एक. पुढचा दुसरा अ‍ॅडजस्टर विसरणारे शंभरात कितीतरी भेटतात, आणि मग पेडल खोल जातं म्हणून मास्टर सिलिंडरला दोष देतात.

पत्र्याचं थोडक्यात. फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायची जागा आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर फडक्यावरून तपासा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मधल्या आडव्या चासीची टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वेल्डिंग घरी शिकता येतं, पण या भागांवर शिकू नका. ४० वर्षांपुढच्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या गाडीला ब्रिटनमध्ये २०१८पासून एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, तरी मी दरवर्षी स्वखुशीने करून घेते. गाडी वर उचलून, खालून, दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी बघितली जाते, एवढ्यासाठीच. सूट असली तरी धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर काढली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन गुण आहेतच.

हे झालं की तुमचा मूळ प्रश्न. आणि तुम्ही तो फार चांगला लिहिलाय, कारण वेळा दिल्यात: पंधरा-वीस मिनिटांनी बंद, दहा मिनिटांनी सुरू. यावरून माझे संशयित तीन: पेट्रोलच्या टाकीचं झाकण, कंडेन्सर किंवा कॉइल (दोन्ही ठिणगी पाडण्याच्या कामातले), आणि पेट्रोल पंप. कुठला ते ओळखायला एक पैसाही लागत नाही, फक्त ती बंद पडते त्या क्षणी घाबरून न जाता काय होतंय ते बघायला हवं.

पहिलं, ती बंद कशी पडते? दिव्याचं बटण बंद केल्यासारखी एका क्षणात, की आधी धक्के, मग दम लागल्यासारखं, मग बंद? एका क्षणात असेल तर करंटचा दोष, दम लागून असेल तर पेट्रोलचा. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण माझ्या अनुभवात दहातल्या आठ-नऊ वेळा पडतो.

गाडी सुरक्षित जागी लावा, खाली उतरा आणि सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा, कान लावून. ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढवत नाही. दहा मिनिटं थांबलं की हवा कुठून तरी हळूहळू आत शिरते आणि गाडी सुरू होते. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी याच दुखण्यासाठी कार्बोरेटर, कॉइल आणि पंप बदलला होता. दोष झाकणात होता.

आवाज नाही आला तर इग्निशन चालू करा आणि पंप ऐका. मायनरचा एसयू पंप इंजिनाच्या मागच्या भिंतीवर असतो आणि टिक-टिक करतो. कार्बोरेटर भरलेला असेल तर दोनचार टिक करून गप्प होतो, हे ठीक. एकसारखा भराभर टिकटिकत असेल तर पेट्रोल येत नाहीये, तो हवा ओढतोय. टाकी मागे, पंप पुढे, त्यामुळे मधल्या नळीला बारीक भोक पडलं तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते आणि खाली डाग दिसत नाही. आणि कार्बोरेटर रिकामा असूनही पंप गप्प असेल तर त्याचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, चिकटलेत. पान्याच्या मुठीने हळूच टकटक करा. सुरू झाला तर घरी पोचाल, पण आठवड्यात पॉइंट बदला.

पंप बरा वाटला तर करंट बघा. कॉइलची जाड तार डिस्ट्रिब्युटरमधून, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डब्यातून, काढा, सुक्या जाड हातमोज्याने तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा, कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, जाड, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट, बारीक, अधूनमधून येणारी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल गरम होऊन मान टाकतेय. ही तपासणी पेट्रोलची कुठलीही नळी उघडण्याच्या आधी करा, नंतर कधीही नको. पेट्रोल उघडं असताना ठिणगी पाडणाऱ्याला मी वर्गातून घरी पाठवलंय.

कंडेन्सरबद्दल दोन शब्द जास्त, कारण इथे माझे हात पोळलेत. नवा भाग म्हणजे चांगला भाग, असं हल्ली धरून चालत नाही. एकदा सर्व्हिसिंग करताना नवा कंडेन्सर आणि नवा रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) दोन्ही घातले, गाडी दारातून झकास निघाली आणि ए ४६ रस्त्यावर पावसात मेली. जुना रोटर हातमोज्यांच्या कप्प्यात होता म्हणून घरी आले. तेव्हापासून चालू स्थितीतला काढलेला भाग मी फेकत नाही, तारीख लिहून गाडीतच ठेवते, आणि एका वेळी एकच भाग बदलते. बदलला की दोन दिवस चालवायची, मग पुढचा. तुम्ही एकाच रविवारी पाच गोष्टी बदलल्यात आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळणार नाही, आणि बिघडली तर त्याहून पंचाईत.

आता ते तीन सल्ले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट नाही. पण तुमचा दोष टाकीच्या झाकणात असेल तर त्याचा काय उपयोग? शिवाय सीबी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, रस्त्यात नखं घासायच्या कानशीने साफ करून घरी येता येतं, ते खोकं गेलं की गेलं. आधी जुनं सगळं नीट चालवून दाखवा, मग हवं तर बसवा, आणि घेताना अर्थ कुठला ते सांगा. अल्टरनेटर रात्री रोज चालवणाऱ्याला हवा. डायनेमो २२ अँपिअर देतो, तेही इंजिन पळत असताना. सिग्नलला दिवे मंद होणं आणि लाल बत्ती मिणमिणणं हा बिघाड नाही, डायनेमोचा स्वभाव आहे. डिस्क ब्रेक? नीट लावलेले ड्रम या इंजिनाला पुरतात. आणि जिथे ब्रेक ऑइलच तीन वर्षांचं आहे तिथे डिस्कची चर्चा म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण पडदे निवडतोय.

पेट्रोलचं मात्र जरूर बघा. सप्टेंबर २०२१पासून इथल्या पंपांवर साधं पेट्रोल ई १०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं. त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आतून खातं. त्यामुळे ‘आर ९’ छापलेली नळी घाला आणि सुपर, म्हणजे ई ५ भरा. जुनं पेट्रोल टाकीत असेल तर काढून टाका. शिशाचं पेट्रोल २०००पासून बंद आहे; ते शिसं व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटची झीज थांबवायचं. तुमच्या हेडचे व्हॉल्व्ह सीट बदललेत का ते कळत नसेल तरी घाबरू नका. दर तीन हजार मैलांना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, मोजा, एखाद्याची फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट खचतंय.

टॅपेट लावणं हे तुमचं इंजिनावरचं पहिलं काम असू द्या. इंजिन थंड, फट ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिलिमीटर. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजायचे आणि नऊची बेरीज लक्षात ठेवायची: आठवा पूर्ण दबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सहावा दबलेला असेल तेव्हा तिसरा. स्पार्क प्लग काढून ठेवले आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली की ती हाताने पुढे ढकलून इंजिन फिरवता येतं. सीबी पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५. इंजिनाचं तेल २०डब्ल्यू५०. कार्बोरेटरचा डॅशपॉट, म्हणजे वरचं नळकांडं, कोरडा नसावा, आत पातळ तेल हवं. त्याचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक’ आवाज करून पडला पाहिजे. एवढं झाल्याशिवाय मिक्श्चरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या, नटाला हात लावू नका.

हत्यारं घेताना इंची पाने घ्या. ७/१६, १/२ आणि ९/१६ या तीन मापांत अर्धी गाडी उघडते. १३चा पाना १/२ इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि कडा गोल करून ठेवतो. दोन चांगल्या घोड्या, ग्रीस गन, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), साधा मल्टिमीटर. यापलीकडे पहिल्या वर्षी काही नको.

या शनिवारी पुढची चाकं आणि ब्रेकचं पेडल बघा. ते ठीक निघाले तर रविवारी घराच्या आसपासच, गर्दी नसलेल्या रस्त्यावर, ती बंद पडेपर्यंत चालवा, आणि मला तीन गोष्टी कळवा: बंद पडताना झटक्यात की दम लागून, झाकण उघडल्यावर आवाज आला की नाही, आणि पंप गप्प होता की टिकटिकत होता. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे तेही लिहा. पुढचं मग सांगते.